बोइंग उडवणाऱ्याला सेसना काय जड? एका फॉरवर्डला उत्तर

गेले काही महिने व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. अमेरिकेत विमान शिकायला आलेल्या मराठी मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या ग्रुपांत तर तो थोड्या थोड्या दिवसांनी नव्याने उगवतो. म्हणणं असं, की एअरलाइनच्या पायलटला छोटं विमान उडवायला वेगळं काहीच करावं लागत नाही. त्याला पाच कारणं दिली आहेत. त्याचं लायसन्स सगळ्यात वरचं, ते सगळ्या विमानांना चालतं. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर त्याची परीक्षा होते, तीच सगळीकडे धरतात. तो रोज लँडिंग करतो, त्यामुळे ‘९० दिवसांत तीन लँडिंग’ हा नियम हौशी लोकांपुरता. मोठं विमान अवघड, लहान सोपं. ट्रक चालवणाऱ्याला स्कूटर कोण शिकवतं? आणि शेवटी हुकमाचा एक्का म्हणून हडसन नदीत विमान उतरवणारा सली.

मी अमेरिकेतल्या एका छोट्या विमानतळावर इन्स्ट्रक्टर आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत एअरलाइनचे कॅप्टनही असतात. कुणाला निवृत्तीनंतर स्वतःचं विमान घ्यायचं असतं, कुणाला मुलीला आकाशातून गाव दाखवायचं असतं. त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. हा मजकूर निव्वळ थाप असता तर मी त्याच्या वाटेला गेलो नसतो. पण तो निम्मा खरा आहे, आणि जो निम्मा खरा आहे त्याच्याच भरवशावर माणूस कायद्याची एकही ओळ न मोडता स्वतःला आणि शेजारच्या सीटवरच्याला खड्ड्यात घालू शकतो. मजकूर अमेरिकेबद्दल आहे, म्हणून मीही एफएएच्या, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, नियमांवरच बोलतो.

‘लायसन्स सगळ्यात वरचं, म्हणून सगळीकडे चालतं’

एटीपी, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट, हे अमेरिकेतलं पायलटचं सगळ्यात वरचं सर्टिफिकेट, हे बरोबर. पण त्या कार्डावर नुसता दर्जा नसतो, खाली वर्गही लिहिलेला असतो: एक इंजिनाचं जमिनीवरचं विमान, अनेक इंजिनांचं जमिनीवरचं विमान, पाण्यावरचं विमान वगैरे. एअरलाइनच्या बहुतेक पायलटांची एटीपी अनेक इंजिनांच्या वर्गापुरती असते. एका इंजिनासाठी त्यांच्याकडे खालचं, म्हणजे कमर्शियल दर्जाचं रेटिंग असतं. हौसेखातर उडायला तेवढं भरपूर होतं, त्यामुळे इथे बहुतेकांचं काही अडत नाही.

अडतं ते हवाई दलातून किंवा नौदलातून एअरलाइनमध्ये आलेल्या काहींचं. लष्करातल्या अनुभवावर त्यांनी नागरी सर्टिफिकेट घेतलेलं असतं, आणि तिथे ते उडवत होते ती विमानं अनेक इंजिनांची असली तर कार्डावर तोच वर्ग येतो. एका इंजिनाचा वर्ग त्यांनी कधी काढलेलाच नसतो. असा माणूस अवाढव्य बोइंग ७७७ घेऊन पॅसिफिक ओलांडतो, पण चार सीटची सेसना १७२ कप्तान म्हणून चालवायची त्याला परवानगी नसते.

याहून गमतीची गोष्ट एन्डॉर्समेंटची, म्हणजे लॉगबुकात इन्स्ट्रक्टर जी सही करतो तिची. २०० हॉर्सपॉवरपेक्षा जास्त ताकदीचं इंजिन असलेलं विमान उडवायला अशी एक सही लागते. ज्या विमानाची चाकं आत जातात, ज्याला फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्या) आहेत आणि ज्याच्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, पात्यांचा कोन बदलता येतो, त्याला दुसरी. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाला तिसरी. आता बोइंग ७३७ च्या इंजिनाची ताकद हॉर्सपॉवरमध्ये मोजतच नाहीत, ती थ्रस्टमध्ये मोजतात. आणि जेटला तसला पंखाच नाही, तर पात्यांचा कोन कुठला? त्यामुळे ज्याने आधी तसलं छोटं विमान उडवलेलं नाही, अशा जेटच्या कॅप्टनला २३० हॉर्सपॉवरची सेसना १८२ एकट्याने न्यायची असेल तर आधी इन्स्ट्रक्टरकडून शिकून सही घ्यावी लागते. तो इन्स्ट्रक्टर बावीस वर्षांचा असू शकतो, आणि उद्या त्याच कॅप्टनच्या कंपनीत नोकरीचा अर्ज टाकायच्या तयारीत असू शकतो. माझ्या ओळखीत हे घडलंय. दोघंही फार अवघडले होते.

भारतात तर हा मुद्दा पहिल्याच पायरीवर पडतो. डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान नियामकाच्या, लायसन्सवर विमानांचे प्रकार नोंदवलेले असतात. ए३२० ची नोंद आहे म्हणून कुणी कॅप्टन धुळ्याला किंवा बारामतीला जाऊन थेट सेसनात बसू शकत नाही.

‘सिम्युलेटरची परीक्षा सगळीकडे धरतात’

इथे मजकूर लिहिणाऱ्याला निम्मे मार्क द्यायला हवेत.

अमेरिकेत प्रत्येक पायलटला २४ महिन्यांतून एकदा फ्लाइट रिव्ह्यू करावा लागतो. किमान एक तास तोंडी, किमान एक तास हवेत, इन्स्ट्रक्टरबरोबर. पण त्या मुदतीत कुणी अधिकृत परीक्षकाकडून किंवा कंपनीच्या चेक एअरमनकडून (तपासणी घेणाऱ्या पायलटकडून) प्रवीणता तपासणी पास झाला असेल, तर त्याला रिव्ह्यूची गरज नाही. एअरलाइनची सिम्युलेटरवरची तपासणी यात बसते. तेव्हा नोकरीत असलेल्या पायलटचा रिव्ह्यू खरोखरच आपोआप होतो. (तपासणी सगळीकडे सहा महिन्यांनीच होते असंही नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्या एक्यूपी नावाच्या वेगळ्या कार्यक्रमाखाली आहेत, त्यांचं वेळापत्रक निराळं. पण २४ महिन्यांत ती होतेच.)

आता याचा अर्थ काय होतो ते बघा. वीस वर्षांत ज्याने पंख्याच्या विमानाला हात लावलेला नाही, त्याचा रिव्ह्यू कायद्याने चालू आहे. प्रवासी सोबत नसतील तर ९० दिवसांचा नियमही त्याला लागत नाही. कार्डावर एका इंजिनाचा वर्ग असला की तो उद्या सकाळी मित्राची १७२ घेऊन एकटा उडाला, तरी एफएए त्याला एका शब्दाने विचारणार नाही. मजकूर लिहिणाऱ्याला ही सोय वाटते. मला ते नियमातलं सगळ्यात मोठं भगदाड वाटतं. सिम्युलेटरमध्ये त्या माणसाने जे करून दाखवलं, त्यातलं १७२ मध्ये जवळजवळ काहीच लागत नाही, आणि १७२ मध्ये जे लागतं ते तिथे कुणी बघितलेलंच नाही.

ढगातून, उपकरणांवर उडायचा हिशेब वेगळा आहे. त्यासाठी मागच्या सहा महिन्यांत सहा इन्स्ट्रुमेंट अप्रोच (फक्त उपकरणं बघत धावपट्टीकडे येणं), होल्डिंग (हवेत ठरलेल्या जागी घिरट्या घालणं), आणि रेडिओ मार्ग पकडून त्यावर राहणं एवढं केलेलं आणि लिहिलेलं असावं लागतं. हे वर्गावर अवलंबून नाही. ‘विमान’ एवढंच बघतात. म्हणजे एअरलाइनमध्ये केलेले अप्रोच सेसनासाठी चालतात. मात्र ते खऱ्या ढगात केलेले असायला हवेत, किंवा डोळ्यांपुढे आडोसा लावून, किंवा सिम्युलेटरमध्ये. फीनिक्सला निरभ्र आकाशात आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीकडून येणाऱ्या रेडिओ संकेतांवर, उतरलेलं धरत नाहीत. कामावर असताना एअरलाइनच्या पायलटला ही मोजणी ठेवावी लागत नाही, त्यांचं प्रकरण कंपनीच्या तपासण्यांवर चालतं. ती सवलत त्या नोकरीतल्या उड्डाणापुरती असते. युनिफॉर्म उतरवून स्वतःच्या विमानात बसलं की लॉगबुकातले अप्रोच मोजावे लागतात, आणि बऱ्याच जणांनी ते लिहिलेलेच नसतात.

‘रोज लँडिंग करतो, मग ९० दिवसांचा नियम कसला?’

हा मुद्दा साफ चूक आहे, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

नियम असा: प्रवासी घेऊन उडायचं असेल तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केलेले असावेत, आणि तेही त्याच वर्गाच्या विमानात. विमानाला टाइप रेटिंग (त्या एका मॉडेलपुरतं वेगळं रेटिंग) लागत असेल तर त्याच टाइपमध्ये. ७३७ अनेक इंजिनांच्या वर्गातलं, १७२ एका इंजिनाच्या. शिकागोला रोज सकाळ-संध्याकाळ ७३७ उतरवलं तरी १७२ च्या खात्यात शून्य जमा होतं. मुलीला शेजारी बसवायचं असेल तर आधी एकट्याने किंवा इन्स्ट्रक्टरबरोबर जाऊन एका इंजिनाच्या विमानात तीनदा उतरायला हवं. रात्री न्यायचं असेल तर ती तीन लँडिंग सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयाआधी एक तासापर्यंतच्या काळात हवीत, आणि प्रत्येक वेळी विमान पूर्ण थांबवलेलं हवं. शेपटीखाली चाक असलेल्या विमानात दिवसाही पूर्ण थांबावं लागतं. धावपट्टीला टेकून तसंच पुन्हा उडालेलं मोजत नाहीत.

नियमाच्या अक्षरावर जायचं तर यातून एक विचित्र गोष्ट निघते. दोन इंजिनांच्या बीचक्राफ्ट बॅरनला टाइप रेटिंग लागत नाही आणि तिचा वर्ग ७३७ चाच. मग ७३७ ची लँडिंग बॅरनसाठी चालतात. म्हणजे कायद्याच्या लेखी ७९ टनांपर्यंत वजनाचं जेट उडवणारा माणूस सहा सीटच्या बॅरनसाठी ताजातवाना, आणि त्याहून कितीतरी साध्या १७२ साठी शिळा. नियम लिहिणाऱ्यांनी वर्ग मोजला, हात मोजले नाहीत.

‘रोज लँडिंग करतो’ हेही अर्धवट आहे. लँडिंग त्याचंच धरतात ज्याच्या हातात नियंत्रण होतं. कॉकपिटमध्ये दोघं असतात आणि एका फेरीत उतरवतो एकच. लांब पल्ल्याच्या विमानांवर तर तीन-चार पायलट असतात आणि महिन्यात मोजकीच उड्डाणं होतात. तिथल्या काहींना स्वतःच्या विमानाची ९० दिवसांतली तीन लँडिंगसुद्धा भरत नाहीत, मग कंपनी त्यांना सिम्युलेटरवर पाठवून ती पुरी करून घेते. सिंगापूर, दिल्ली, फ्रँकफर्ट असं फिरणाऱ्या माणसाकडे मैलांची रास असते. धावपट्टीला चाक टेकवायची संधी मात्र त्याला फार कमी मिळते.

‘मोठं अवघड, लहान सोपं’

ट्रक आणि स्कूटरची उपमा मजकुरातली आहे. ती मला चालेल, कारण ट्रक चालवून तोल सांभाळायला येत नाही.

सुरुवात पायांपासून करतो. जेटमध्ये यॉ डॅम्पर असतो. विमानाचं नाक इकडेतिकडे व्हायला लागलं की तो शेपटीचा रडर, जो एरवी पायलट पायांनी चालवतो, स्वतःच हलवतो. रोजच्या उड्डाणात पायलटचे पाय टेकऑफच्या धावेत, आडव्या वाऱ्यात उतरताना आणि इंजिन गेलं तर, एवढ्याच वेळी कामाला येतात. एक इंजिनाच्या विमानात पंखा पायलटच्या जागेवरून बघितलं तर उजवीकडे फिरतो, आणि ताकद वाढवून नाक वर केलं की विमान डावीकडे ओढतं. चढताना उजवा पाय सतत दाबलेला ठेवावा लागतो. जेटवाले हमखास इथे सापडतात. विमान तिरकं चाललेलं असतं, उपकरणातली गोळी एका कडेला जाऊन बसलेली असते, आणि पाय जमिनीवर ठेवून साहेब हातांनी सगळं निस्तरू बघत असतात. जमिनीवर तर आणखी. एअरलाइनचं विमान टॅक्सी करताना हाताशी एक छोटं चाक असतं. सेसनात पायांनीच वळवायचं. पहिल्या टॅक्सीत पिवळ्या रेषेवर कॅप्टनचं नागमोडी चालणं बघितलं की समोरच्या हँगरमधले मेकॅनिक हातातलं काम थांबवतात.

मग उतरणं. बोइंग ७३७ ची चाकं टेकताना पायलटचे डोळे जमिनीपासून चार-पाच मीटर वर असतात. १७२ मध्ये जेमतेम दोन मीटर. जेटमध्ये उंची मोजणारा रेडिओ अल्टिमीटर आवाजात आकडे बोलतो: पन्नास, चाळीस, तीस, वीस, दहा. त्या तालावर हात नाक वर उचलायला शिकलेले असतात. सेसनात कुणी काही बोलत नाही. माझ्याबरोबर आलेले एक कॅप्टन, जेटवर हजारो तास झालेले, पहिल्याच फेरीत जमिनीपासून पंचवीस-तीस फुटांवर नाक उचलू लागले. त्यांच्या डोळ्यांना धावपट्टी नेहमी जशी दिसते तशी दिसली होती. वेग ६५ नॉटवरून घसरत गेला, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटत असल्याचा, भोंगा कण्हायला लागला, आणि चाकं अजून दुमजली घराएवढ्या उंचीवर. मी म्हटलं, ‘सर, ताकद.’ त्यांनी थ्रॉटल पुढे लोटला. पण जेटला ताकद दिली की तो क्षणभर विचार करतो आणि सरळ पुढे जातो. इथे नाक झटक्यात डावीकडे गेलं आणि उजवा पाय तिथे नव्हताच. वर गेलो, वळलो, पुन्हा आलो. तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांनी स्वतःच शोधून काढलं की नजर धावपट्टीच्या पार टोकाला ठेवायची आणि विमानाला खाली बसू द्यायचं. चांगला पायलट लवकर शिकतो, हे खरंच. पण शिकावं लागतं.

जेट धावपट्टीवर ठरलेल्या जागी टेकवायचं असतं, लांब तरंगत जाऊ दिलं तर धावपट्टी संपते. छोटं विमान उलट वेग मारत मारत, जवळजवळ उडायचं थांबेपर्यंत धरून ठेवायचं आणि मग मुख्य चाकांवर बसवायचं. जेटच्या सवयीने जोरात टेकवलं की ते उसळतं, आणि उसळलेल्याला पुन्हा दाबलं की पुढचं चाक मोडतं, पंखा जमिनीला लागतो. वाऱ्याचंही तेच. १४० नॉटने येणाऱ्या ७३७ ला १५ नॉटचा आडवा वारा ही नेहमीची गोष्ट. १७२ च्या पुस्तकात १५ नॉट हा चाचणीत दाखवलेला सगळ्यात जास्त आडवा वारा आहे, आणि तिचा उतरायचा वेग त्या ७३७ च्या निम्म्याहून कमी. वारा तेवढाच, वाटा दुपटीहून मोठा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: इंजिन बंद पडणं. एअरलाइनच्या सिम्युलेटरवर जो प्रसंग पुन्हा पुन्हा घोटवून घेतात तो असा. विमान धावपट्टीवर वेगात, थांबायची वेळ निघून गेलेली, आणि दोनातलं एक इंजिन जातं. पायलट रडरने विमान सरळ धरतो, नाक ठरलेल्या कोनात वर उचलतो, आणि उरलेल्या इंजिनावर चढत जातो. वर्षानुवर्षं हेच केल्यावर ते विचाराच्या आधी हातातून येतं. येऊ दे, त्याने शेकडो लोक वाचतात.

पण एका इंजिनाच्या विमानात टेकऑफनंतर इंजिन गेलं तर उरलेलं इंजिन नसतं. नाक चढाईच्या कोनात आहे, ताकद शून्य, वेग काही सेकंदांत स्टॉलच्या खाली. इथे नाक खाली, लगेच, मनाविरुद्ध जमिनीकडे ढकलावं लागतं. १७२ एस मध्ये फ्लॅप वर असतील तर ७० नॉट धरायचे आणि समोरचं मोकळं शेत बघायचं. मागे वळून धावपट्टीवर यायचा मोह टाळायचा, कारण कमी उंचीवरच्या त्या वळणाने माणसं मरतात. म्हणजे मोठ्या विमानाने पक्कं केलेलं प्रतिक्षिप्त उत्तर आणि छोट्या विमानाला हवं असलेलं उत्तर, दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत. ‘मोठं येतं म्हणजे छोटं येतंच’ हे वाक्य इथे कोसळतं. इथे मोठं येणं हीच अडचण होते, आणि ती मोडायला छोट्या विमानात बसूनच सराव करावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक एअरलाइन पायलटबरोबर मी पहिल्या दिवशी सुरक्षित उंचीवर चढाईच्या कोनात थ्रॉटल मागे ओढतो आणि हात कुठे जातो ते बघतो. बऱ्याच जणांचा हात पहिल्या क्षणी जागीच राहतो.

याच सवयीचा धाकटा भाऊ म्हणजे लांबलचक अप्रोच. तीन अंशांच्या उतारावर, ताकद लावून, दूरून सरळ येणं हे जेटसाठी योग्य. एका इंजिनाच्या विमानात तसं आलं आणि मध्येच इंजिन थांबलं तर धावपट्टीच्या अलीकडे झाडं असतात. म्हणून आम्ही जवळून, उंचावरून यायला शिकवतो.

बाकीच्या यंत्राबद्दल पटकन. जुन्या १७२ ना कार्ब्युरेटर आहे. दमट हवेत, बाहेर २० अंशांहून जास्त तापमान असतानाही त्यात बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं; त्यासाठी एक कार्ब हीटची खुंटी असते. जेटवाल्याच्या आयुष्यात ही खुंटी नसते. पायपर चेरोकीत डावी किंवा उजवी, एकाच टाकीतून इंधन येतं, आणि मध्ये मध्ये आठवणीने टाकी बदलावी लागते. विसरलात तर एक टाकी भरलेली असतानाही इंजिन बंद पडतं. इंधनाच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, टाकीचं झाकण उघडून पट्टी बुडवून बघायचं. तळातून थोडं इंधन काढून त्यात पाणी आहे का ते काचेच्या नळीत धरून उजेडात बघायचं. एअरलाइनमध्ये ही कामं दुसरं कुणीतरी करतं, आणि पायलटच्या हातात छापलेला कागद येतो.

त्या कागदामागे मोठी माणसांची फौज असते, हे विसरायला होतं. हवामान बघणारा डिस्पॅचर, पर्यायी विमानतळ ठरवणारा, बर्फ झाडणारा, वजनाचा हिशेब करणारा, आणि शेजारी बसून चेकलिस्ट मोठ्याने वाचणारा दुसरा पायलट. सेसनात ही सगळी माणसं एकाच सीटवर बसतात. डेल स्नॉडग्रास हे अमेरिकन नौदलाचे नावाजलेले वैमानिक. एफ-१४ टॉमकॅट या लढाऊ विमानावर त्यांच्याइतके तास कुणाचेच नव्हते. २४ जुलै २०२१ ला आयडाहोतल्या लुइस्टनला ते एकटे एका छोट्या, एक इंजिनाच्या एसएम-१०१९ मधून उडाले आणि उडताक्षणी कोसळून गेले. तपासात कारण निघालं ते हे: जमिनीवर असताना नियंत्रणं हलू नयेत म्हणून लावतात तो कंट्रोल लॉक काढायचा राहिला होता. ते एअरलाइनचे नव्हते, पण ‘एवढ्या मोठ्या पायलटला छोट्या विमानात काय होणार’ या वाक्याला याहून कठोर उत्तर मला माहीत नाही.

‘पण सली?’

चेस्ली सलेनबर्गर. १५ जानेवारी २००९, न्यूयॉर्क, ए३२०, दोन्ही इंजिनांत पक्षी, विमान हडसन नदीत, १५५ पैकी १५५ जिवंत. यावर कुणाचंच दुमत नाही. पण मजकुराला सिद्ध काय करायचंय? मोठ्या विमानाने माणूस छोट्या विमानासाठी तयार होतो, हे. सलीची गोष्ट वाचली तर बाण उलट दिशेने जातो. तो टेक्सासमध्ये सोळाव्या वर्षी एका छोट्या एरोंकात उडायला शिकला, आणि पुढे हवाई दलाच्या अकादमीत ग्लायडर उडवले. ए३२० खूप नंतर आलं. शिवाय पक्षी आदळल्यापासून पाण्यात उतरेपर्यंतच्या साधारण साडेतीन मिनिटांत शेजारी जेफ स्काइल्स इंजिनं परत सुरू करायची चेकलिस्ट करत होता. सेसनात स्काइल्स मिळत नाही.

मजकूर लिहिणाऱ्याने खरं तर याहून चांगलं उदाहरण शोधायला हवं होतं, पण तेही त्याच्या विरुद्धच जातं. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधनाचा मापक बंद, हिशेब हाताने केलेला, आणि त्यात किलोच्या जागी पौंडांचा गुणक घातलेला. ४१,००० फुटांवर इंधन संपलं. कॅप्टन बॉब पिअर्सन आणि को-पायलट मॉरिस क्विंटल ते मॅनिटोबातल्या गिमलीच्या जुन्या हवाई तळाकडे घेऊन आले. क्विंटल तिथे पूर्वी हवाई दलात होता. धावपट्टी जवळ आली तेव्हा विमान फार उंच होतं. पिअर्सनने मग एक अशी गोष्ट केली जी ७६७ मध्ये कुणी करत नाही: रडर एकीकडे, पंख दुसरीकडे झुकवून विमान आडवं घसरवलं आणि वेग न वाढवता उंची घालवली. याला स्लिप म्हणतात. ग्लायडरमध्ये आणि फ्लॅप नसलेल्या छोट्या विमानांत ती रोजची गोष्ट, आणि पिअर्सन मुरलेला ग्लायडर पायलट होता. विमानातले ६९ लोक वाचले.

मी विद्यार्थ्यांना स्लिप शिकवताना हे सांगतो. एअरलाइनवाल्यांनाही सांगतो, कारण त्यांच्यातले बरेच जण स्लिप विसरलेले असतात.

जे द्यायला हवं ते

एवढं लिहिल्यावर कुणी म्हणेल की मग एअरलाइनचे पायलट छोट्या विमानात वाईटच. तसं मुळीच नाही. हवामान नको असेल तेव्हा ‘आज जायचं नाही’ हे त्यांच्याइतकं सहज म्हणणारे हौशी पायलट मी कमी बघितलेत. रेडिओवर ते एक शब्द वाया घालवत नाहीत. आणि ज्यांनी छोटं विमान कधी सोडलंच नाही, सुटीत पायपर कबमध्ये गवताच्या पट्टीवर उतरत राहिले, त्यांच्याबरोबर उडताना मी इन्स्ट्रक्टर असूनही शिकतो. त्यांच्यात आणि बाकीच्यांत फरक करणारी गोष्ट लॉगबुकात दिसते: मागचं एक इंजिनाचं लँडिंग कधीचं?

वयाचा मुद्दा मजकुरात नाही, पण त्याखालच्या उत्तरांत हमखास येतो, म्हणून सांगतो. ६५ वर्षांची मर्यादा एअरलाइनच्या उड्डाणांपुरती आहे. हौसेने उडायला ती लागत नाही, आणि वैद्यकीय अटही एअरलाइनपेक्षा हलकी आहे. २०१७ पासून बेसिकमेड नावाची आणखी सोपी सोय झाली आहे. मात्र निवृत्तीनंतर कंपनीच्या तपासण्या थांबतात. शेवटच्या तपासणीपासून २४ महिने सरले की तो आपोआप होणारा रिव्ह्यूही थांबतो, आणि मग सगळ्यांसारखं इन्स्ट्रक्टरकडे यावं लागतं. हे बऱ्याच जणांना दोन वर्षं उलटून गेल्यावर आठवतं.

राहिला प्रश्न, की एफएए जिथे काही विचारत नाही तिथे कोण विचारतं? विमान भाड्याने देणारे क्लब विचारतात. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी, कार्ड कोणतंही असो, आधी त्यांच्या इन्स्ट्रक्टरबरोबर एक चेकआउट करावा लागतो. आणि विमा कंपन्या विचारतात. त्यांच्या अर्जात एकूण तासांचा रकाना असतो, तिथे वीस हजार लिहिलेत तर त्यांना आनंदच आहे. पण त्याखाली दुसरा रकाना असतो: याच बनावटीच्या, याच मॉडेलच्या विमानात किती तास? आणि तिसरा: त्यातले मागच्या १२ महिन्यांत किती? तिथे शून्य आलं की हप्ता वाढतो, किंवा इतके तास इन्स्ट्रक्टरबरोबर करा मग बघू, असं पत्र येतं.